'कधीच नाही'वर टिक, आणि राज्याची मुलांच्या मानसिक आरोग्याची सल्लागार समिती

सायली_वूस्टर (धागाकर्ती) · ३ मार्च, रात्री ११:४०

हा धागा काढावा की नाही यात तीन आठवडे गेले. शेवटी लेकालाच विचारलं. तो म्हणाला, "माझं नाव नको, शाळेचं नाव नको, बाकी लिही." म्हणून लिहितेय.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत, तो तेरा वर्षांचा असताना, एका दुपारी शाळेच्या कौन्सेलरचा फोन आला. त्याने मित्राला काहीतरी लिहून पाठवलं होतं. ते वाचल्यावर त्याला घरी न पाठवता थेट इमर्जन्सीत न्यावं असं त्यांचं म्हणणं पडलं. आम्ही गेलो. रक्त, लघवी, डॉक्टरांचे प्रश्न, सगळं दोन-अडीच तासांत उरकलं. त्यानंतर आम्ही तिथे पाच रात्री काढल्या. उपचार चालू होते म्हणून नाही, तर मुलांच्या मानसोपचार वॉर्डात कुठेतरी खाट रिकामी होईल याची वाट बघत. इथे अमेरिकेत, मॅसॅच्युसेट्समध्ये, याला 'बोर्डिंग' म्हणतात.

खोलीला खिडकी नव्हती. भिंतीवरच्या सॉकेटांना झाकणं होती. नर्सने त्याच्या हुडीची नाडी ओढून काढली, बुटांच्या लेस काढल्या, दोन्ही एका पारदर्शक पिशवीत घातलं आणि वर त्याच्या नावाचं लेबल चिकटवलं. दाराशी खुर्ची टाकून रात्रंदिवस कोणीतरी बसलेलं असायचं. त्यांना 'सिटर' म्हणतात. तिसऱ्या दिवशी सासूबाईंनी डब्यात गुरगुट्या भात आणि मेतकूट दिलं. चमचा स्टीलचा होता म्हणून आत नेऊ दिला नाही. पोराने हाताने खाल्लं. पाच दिवसांत तेवढंच एकदा पोटभर जेवला.

तिथल्या माणसांबद्दल माझी तक्रार नाही. दमलेली होती, पण मायेने वागली. मला सांगायचंय ते त्याच्या पाच महिने आधीचं.

सप्टेंबरात त्याची वार्षिक तपासणी होती. शाळेच्या फॉर्मसाठी आपण सगळेच करतो तशी. वेटिंग रूममध्ये क्लिपबोर्डवर एक कागद दिला. १७ ओळी, तीन रकाने: कधीच नाही, कधीकधी, बऱ्याचदा. मूल उदास असतं का, फार काळजी करतं का, स्वतःला कमी लेखतं का, अशा अर्थाचे प्रश्न. तबल्याचा क्लास त्याने जूनपासून सोडला होता. जेवायला हाक मारली की "भूक नाही" म्हणायचा. रात्री दोनला त्याच्या दाराखालून उजेड दिसायचा. हे सगळं मला माहीत होतं, आणि मी पेन घेऊन सतराच्या सतरा ओळींना 'कधीच नाही'वर टिक केली. एका दमात, वरपासून खालपर्यंत. त्या क्षणी मला वाटलं की हा कागद म्हणजे आमच्या घराची परीक्षा आहे आणि मला पैकीच्या पैकी मिळवायचेत.

कशामुळे, याचा मी खूप विचार केला. एक कारण शब्दातच आहे. इथे 'बिहेवियरल हेल्थ' म्हणतात. ते ऐकलं की आपल्याला प्रगतिपुस्तकातला 'वर्तन' हा रकाना आठवतो. वर्तन: चांगले. वर्तन: सुधारणे आवश्यक. म्हणजे पोराची खोडी आणि आईबापाची चूक. प्रत्यक्षात त्या शब्दात नैराश्य येतं, चिंता येते, खाण्याचे आजार येतात, व्यसनं येतात. दम्यासाठी फुप्फुसाचा डॉक्टर, तसं हे. हे मला कोणी मराठीत नीट सांगितलं असतं तर मी निदान चार ओळींवर तरी खरी टिक केली असती.

घरी आल्यावर इन-होम थेरपी सुरू झाली. थेरपिस्टबरोबर एक 'फॅमिली पार्टनर' यायच्या. ही इथली पगारी नेमणूक असते आणि ती अशाच पालकाला मिळते ज्याने स्वतः असं मूल वाढवलंय. त्या बाईंनी पहिल्याच दिवशी मला विचारलं, "तू शेवटची कधी झोपलीस?" आणि जाताना म्हणाल्या, राज्याची एक समिती आहे, तिच्या बैठका सगळ्यांना खुल्या असतात, येऊन बस.

ती समिती म्हणजे मॅसॅच्युसेट्सची चिल्ड्रन्स बिहेवियरल हेल्थ ॲडव्हायझरी कौन्सिल. २००८च्या कायद्याने झालेली. राज्याच्या मानसिक आरोग्य विभागाचे आयुक्त अध्यक्ष असतात. बाकीच्या खात्यांची माणसं, मुलांचे डॉक्टर, मानसोपचारतज्ज्ञ, हॉस्पिटलं, विमा कंपन्या यांचे प्रतिनिधी असतात, आणि पालकांच्या संघटनेचेही. ही समिती गव्हर्नर, विधिमंडळ आणि आरोग्य सचिव यांना सल्ला देते, दरवर्षी अहवाल देते.

मी पहिल्या वेळी ऑनलाइन बसले, कॅमेरा बंद करून. बोर्डिंगवर बोलणं चाललं होतं आणि मला आमची ती खोली दिसत होती. दुसऱ्या वेळी अध्यक्षांची परवानगी मागून तीन मिनिटं बोलले. हुडीच्या नाडीचं सांगितलं, टिकांचं सांगितलं. आणि सासूबाईंचंही सांगितलं. त्यांना मराठीच येतं. त्यांच्यासाठी फोनवर हिंदी दुभाषी लावला गेला, त्यांना अर्धंच कळलं, आणि माझी अकरा वर्षांची मुलगी आजीला आपल्या दादाबद्दल डॉक्टर काय म्हणतायत ते समजावत होती. हे होऊ नये असा कायदा आहे, हे मला नंतर कळलं.

त्या बैठकीत आपल्यासारखं आडनाव असलेलं दुसरं कोणी मला दिसलं नाही. ॲशलंडच्या देवळात, मंडळाच्या गणपतीत आपण शेकड्याने असतो. सेवा कुठे हव्यात, किती हव्यात, कोणत्या भाषेत हव्यात हे ठरवताना समोर दोनच गोष्टी असतात: दवाखान्यात नोंदवलेली गरज, आणि समोर येऊन बोलणारे पालक. कागदावर आपण 'कधीच नाही' म्हणतो आणि बैठकीला आपण नसतो. मग आपली मुलं कोणाला दिसणार?

कोणी यापैकी काही अनुभवलं असेल तर लिहा. नाव न घेता लिहा, चालेल.


निशिगंधा · ४ मार्च, सकाळी ७:०५

सायली, ऑफिसला जाताना ट्रेनमध्ये वाचलं आणि डोळे भरून आले. तुझ्या लेकाला माझ्याकडून घट्ट मिठी. परवानगी दिली त्याने, केवढं मोठं मन.

माझी मुलगी दहावीत आहे. तिच्या डॉक्टरांनी थेरपी सुचवली तेव्हा घरात पहिला प्रश्न आला, "रेकॉर्डला लागेल का? कॉलेजला कळेल का?" मी सहा महिने त्याच भीतीत घालवले. याचं खरं उत्तर कोणी देईल का?


अनुजा_आरएन · ४ मार्च, दुपारी १२:२०

निशिगंधा, मी मुलांच्या दवाखान्यात नर्स आहे, पंधरा वर्षं. डॉक्टरांकडच्या नोंदी गोपनीय असतात, कॉलेजच्या प्रवेश कार्यालयाला त्या दिसत नाहीत. ट्रान्सक्रिप्टमध्ये थेरपी नसते. कृपया या भीतीपोटी एक दिवसही थांबू नका.

सायली, तू म्हणतेस तो कागद म्हणजे पेडिॲट्रिक सिम्प्टम चेकलिस्ट, बॉस्टनच्या मॅस जनरल हॉस्पिटलात तयार झालेली. लांब आवृत्ती ३५ प्रश्नांची, छोटी १७ची. 'कधीच नाही'ला शून्य, 'कधीकधी'ला एक, 'बऱ्याचदा'ला दोन. छोट्या आवृत्तीत बेरीज १५ किंवा जास्त आली की आम्ही थांबून बोलतो. १५ म्हणजे आजार असा अर्थ नाही. पालकांशी दार लावून दहा मिनिटं जास्त बोलायचं, एवढाच अर्थ. पुन्हा सांगते, हा कागद आईबापांची परीक्षा घेत नाही.

मी आपल्या लोकांचे कागद ओळखू शकते. नाव न बघता. एकाच रकान्यात सरळ रेषेत टिका. अनेकदा मूल बाजूला बसून आईच्या पेनाकडे बघत असतं आणि त्याला कळतं की घरात हे बोलायचं नाही. मला सगळ्यात जास्त त्रास त्या नजरेचा होतो. मोठ्या मुलांसाठी त्यांनी स्वतः भरायचा वेगळा कागद असतो. तो मागा, आणि तो भरताना तुम्ही बाहेर थांबा.

आणखी एक. खूप जणांना वाटतं की चाइल्ड सायकियाट्रिस्टची अपॉइंटमेंट मिळेपर्यंत काहीच होणार नाही. या राज्यात एमसीपॅप नावाची सोय २००४पासून आहे. मुलांचा डॉक्टर तिथे फोन करतो आणि त्याच दिवशी चाइल्ड सायकियाट्रिस्टशी बोलून औषधाचा, पुढच्या पावलाचा सल्ला घेतो. पैसे पडत नाहीत, विमा कोणताही असो. आपल्या डॉक्टरांना सरळ म्हणा, "एमसीपॅपला फोन करता का?"


विश्वंभर · ४ मार्च, दुपारी ४:१५

सायलीताई, आधी तुमच्या धीराला नमस्कार. पण एक स्पष्ट विचारतो, राग मानू नका. मी भारतात सरकारी नोकरीत बत्तीस वर्षं होतो, आता मुलाकडे बॉस्टनला असतो. सल्लागार समित्या मी फार जवळून पाहिल्यात. चहा होतो, इतिवृत्त होतं, अहवाल कपाटात जातो. सल्ला ऐकायचं बंधन कोणावरच नसतं. अशा ठिकाणी पालकांनी आपलं दुःख तीन मिनिटांत मांडायचं आणि घरी यायचं, याने नक्की काय हललं? तुमच्या वेळेची आणि मनाची किंमत आहे म्हणून विचारतोय.


सायली_वूस्टर · ४ मार्च, रात्री १०:५०

विश्वंभरकाका, राग कसला. हाच प्रश्न मी फॅमिली पार्टनर बाईंना विचारला होता. त्यांनी जे सांगितलं ते मी नंतर वाचून पडताळलं, ते लिहिते.

मुळात आमच्या घरी आली ती सेवा कोणी दयेने दिलेली नाही. २००१ साली काही मुलांच्या वतीने स्प्रिंगफील्डच्या फेडरल कोर्टात राज्यावर दावा झाला, 'रोझी डी.' नावाने. मेडिकेडच्या, म्हणजे कमी उत्पन्नाच्या घरांसाठीच्या सरकारी विम्याच्या, कायद्यात आहे की एकवीस वर्षांखालच्या मुलाची तपासणी करायची आणि तीत जे निघेल त्यावर लागणारे उपचार द्यायचे. तरीही गंभीर भावनिक त्रास असलेली मुलं हॉस्पिटलात आणि निवासी संस्थांत पडून होती, कारण घरी येऊन मदत करणारी सेवाच नव्हती. जानेवारी २००६मध्ये न्यायाधीश मायकेल पॉन्सर यांनी निकाल दिला की राज्याने कायदा मोडलाय. २००७मध्ये काय काय करायचं याचा हुकूम झाला. २००७च्या अखेरीपासून मॅसहेल्थच्या, म्हणजे इथल्या मेडिकेडच्या, मुलांना वार्षिक तपासणीत ठरावीक कागदावर चाचणी आली, म्हणजे माझ्या हातात आला तशा कागदावर. आणि २००९पासून इन-होम थेरपी, फॅमिली पार्टनर, घरी येणारं संकटकालीन पथक, सगळ्यांना एका टेबलाशी बसवून मुलाची योजना करणारा समन्वयक, या सेवा सुरू झाल्या. त्यानंतर दहा वर्षांहून जास्त काळ कोर्टाची नजर होती.

समिती त्याच काळातली, २००८च्या मुलांच्या मानसिक आरोग्याच्या कायद्यातली. त्या कायद्याला एका आईच्या नावावरून 'योलांडाचा कायदा' म्हणतात.

तुमचं अर्धं खरं आहे. समितीकडे पैसा नाही, हुकूम नाही. पण कोर्ट एकदा निकाल देतं आणि तोही मेडिकेडच्या मुलांपुरता. त्या सेवा खासगी विम्याच्या मुलांना का नाहीत, हा प्रश्न वर्षानुवर्षं धरून ठेवायला कोणीतरी लागतं. पालकांच्या संघटनांनी तो धरून ठेवला. २०१८च्या अखेरीस राज्याच्या विमा विभागाने परिपत्रक काढलं आणि जुलै २०१९पासून टप्प्याटप्प्याने खासगी विमा कंपन्यांनाही या सेवांचा खर्च उचलणं भाग पडलं. माझ्या घरी फॅमिली पार्टनर आल्या त्या यामुळे. काका, त्या बाई आल्या नसत्या तर मी आज हे लिहायला उभी नसते. एवढं हललं.

२०२२च्या ऑगस्टमध्ये मानसिक आरोग्याचा मोठा कायदा झाला. बोर्डिंगमधल्या रुग्णांची आणि खाटांची माहिती एका पोर्टलवर आणण्याचं त्यात आहे. वर्षातून एकदा मानसिक आरोग्याची तपासणी, खिशातून काही न देता, विम्यात असावी हेही त्यात आहे. अशा तरतुदी लिहिणाऱ्यांपर्यंत पाच रात्रींचं वर्णन कोणी ना कोणी पोचवलेलं असतं.


विश्वंभर · ५ मार्च, सकाळी ६:३०

समजलं. कोर्टाचा भाग मला ठाऊक नव्हता. पुढच्या बैठकीला मी श्रोता म्हणून येईन. इतिवृत्त वाचायची सवय आहे, तेवढं काम माझ्याकडे द्या. बैठकीत कोण काय म्हणालं आणि त्याचं पुढे काय झालं, हे मी मराठीत लिहून ठेवत जाईन.


कौस्तुभ_ए · ५ मार्च, सकाळी ९:१०

सायली, विम्याबद्दल एक अनुभव. आमच्या मुलीला इन-होम थेरपी सुचवली, आम्ही खुश, कार्डावर मोठ्या कंपनीचं नाव. क्लेम नाकारला. फोनवर फोन केल्यावर कळलं की आमचा प्लॅन 'सेल्फ-फंडेड' आहे. म्हणजे पैसे नवऱ्या-बायकोच्या ऑफिसच्या तिजोरीतून जातात, विमा कंपनी फक्त कागद हलवते. असे प्लॅन फेडरल कायद्याखाली येतात, राज्याचं परिपत्रक त्यांना लागू होत नाही. आयटीतल्या मोठ्या कंपन्यांत बहुतेकांचे असेच प्लॅन असतात. आपल्या मंडळात निम्म्याहून अधिक घरांना हे लागू असेल आणि त्यांना ते माहीत नसेल असं मला वाटतं.

आज, शांत असताना, एचआरला एक मेल टाका: आपला प्लॅन फुली इन्शुअर्ड आहे की सेल्फ-फंडेड? रात्री अडीच वाजता हे शोधायची वेळ येऊ नये.


रोहिणी_म · ५ मार्च, दुपारी १:४५

कौस्तुभदादा, आमच्याकडे हेच झालं. दोन वाटा कामी आल्या. ऑफिस स्वतः पैसे देतं, म्हणून ऑफिस हवं तर हो म्हणू शकतं. डॉक्टरांचं पत्र लावून एचआरकडे अर्ज केला, दोन महिने लागले, मिळालं. दुसरी वाट मॅसहेल्थचं कॉमनहेल्थ. मुलाला अपंगत्वाच्या निकषात बसणारा त्रास असेल तर उत्पन्न जास्त असलं तरी ते मिळतं, उत्पन्नाप्रमाणे महिन्याचा हप्ता भरायचा. ऑफिसचा विमा पहिला, हा दुसरा. आमचा मुलगा इथे जन्मलेला, त्यामुळे त्याच्या अर्जात आमच्या व्हिसाची अडचण आली नाही.

'अपंगत्व' या शब्दावर सही करताना माझ्या नवऱ्याचा हात थांबला होता. तो म्हणाला, "हे आयुष्यभर चिकटेल." मुलगा शेजारीच बसला होता. तो म्हणाला, "बाबा, जे आहे ते आधीच चिकटलंय. मला मदत हवीय." बारा वर्षांचं पोर.


पंत_एडिसन · ५ मार्च, रात्री ९:००

न्यू जर्सीकर वाचत असतील तर त्यांच्यासाठी. आमच्याकडे मांडणी वेगळी आहे. 'चिल्ड्रन्स सिस्टीम ऑफ केअर' म्हणून राज्याची एकच खिडकी आहे, एकवीस वर्षांखालच्या सगळ्यांसाठी. परफॉर्मकेअर ते बघतं. फोन १-८७७-६५२-७६२४, चोवीस तास. तुमचा विमा कोणता यावर दार उघडणं अवलंबून नाही. संकट असेल तर मोबाइल रिस्पॉन्सचं पथक तासाभरात घरी येतं. आमच्या शेजारच्या घरी आलेलं मी पाहिलंय. साध्या कपड्यांतल्या दोन बाई, गाडीवर दिवा नाही, सायरन नाही. गल्लीत कोणाला कळलंही नाही.

आणि सायलीताई, समितीचं म्हणाल तर आमच्या एकवीसही काउंटींत प्रत्येकी एक मुलांची आंतरखाते समन्वय समिती आहे. मिडलसेक्समध्ये आपली एवढी वस्ती, पण मीही कधी गेलो नाही. तुमचं वाचून काउंटीच्या पानावर तारीख शोधली. जाणार आहे.


मीनल_ठाणे · ६ मार्च, सकाळी १०:३० (भारतीय वेळ)

मी ठाण्यात दोन शाळांत समुपदेशक आहे. तुमचं सगळं वाचताना सारखं वाटत होतं की वेटिंग रूममधला तो कागद माझ्या शाळेत असता तर. इथे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत वर्षातून एकदा येतं. वजन, दात, डोळे, कान, हृदय, वाढीतले विलंब बघतं, आणि त्यातून खूप मुलांची ऑपरेशनं झालीत, ते काम मोठं आहे. पण आठवीतली मुलगी तीन महिने गप्प आहे हे त्या दिवशी, त्या रांगेत दिसत नाही.

कायद्यात जागा इथेही आहे. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरण आलं आणि त्यावर रुग्णांच्या व काळजी घेणाऱ्यांच्या प्रतिनिधींना जागा दिली. अठरा वर्षांखालच्या मुलाला भरती करावं लागलं तर मोठ्या रुग्णांपासून वेगळी सोय, सोबत घरच्या माणसाने पूर्ण वेळ राहणं, आणि ७२ तासांत मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाला कळवणं, हे सगळं लिहिलेलं आहे. माझ्या पालक-सभेत मी विचारलं, हे कोणाला माहीत आहे? एकही हात वर आला नाही.

टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर ऑक्टोबर २०२२पासून आहे, मराठीतून बोलता येतं. मी तो शाळेच्या मुलींच्या स्वच्छतागृहात, दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलाय. मुख्याध्यापकांच्या केबिनबाहेरच्या फलकाकडे कोणी उभं राहून बघत नाही. दाराच्या आतून नंबर उतरवून घेता येतो, कोणाला न दिसता.


सुमन_आजी · ६ मार्च, सकाळी ११:१५

मी सायलीची सासू. नातीने टाईप करायला शिकवलं आहे, चुका असतील.

सायलीने माझ्याबद्दल फार थोडं लिहिलं. दवाखान्यात जायच्या आधी दोन महिने मीच घरात म्हणत होते की लाड फार झालेत, मोबाईल काढून घ्या, पहाटे उठवा, सूर्यनमस्कार घाला. माझ्या माहेरी धाकटा भाऊ असाच गप्प गप्प होत गेला होता. त्याला सगळ्यांनी आळशी म्हटलं. त्याचं पुढे काय झालं ते मी इथे लिहीत नाही. नातवाला त्या खोलीत पाहिलं तेव्हा मला साठ वर्षांनी भावाचं दुखणं कळलं.

दवाखान्यात फोनवर जो माणूस हिंदीत बोलत होता तो चांगला होता. पण 'उदासी' म्हणत होता, आणि मला वाटलं मुलाला कंटाळा आलाय एवढंच. नात मला सांगताना मध्येच थांबली. तिला कोणता शब्द वापरावा कळेना. एवढ्याशा पोरीवर ते ओझं नको होतं.


अनुजा_आरएन · ६ मार्च, सकाळी ११:५०

आजी, तुम्ही लिहिलंत, फार बरं केलंत.

सगळ्यांसाठी: मॅसॅच्युसेट्समध्ये इमर्जन्सी विभागांना दुभाषी देणं २००१पासून कायद्याने बंधनकारक आहे, आणि लहान मुलाला दुभाषी म्हणून वापरायला फेडरल नियम मनाई करतात, अगदी जीवघेणी तातडी सोडून. 'मराठी' हा शब्द तुम्ही स्वतः मोठ्याने उच्चारा. "इंडियन" म्हटलं की समोरचा हिंदीचं बटण दाबतो. मी माझ्या डोळ्यांनी रोज बघते. फाइलमध्ये 'पसंतीची भाषा: मराठी' लिहून घ्या, आजी-आजोबांसाठीसुद्धा.

२०२३च्या जानेवारीपासून राज्याची हेल्पलाइन आहे, ८३३-७७३-२४४५, चोवीस तास, दोनशेहून अधिक भाषांत दुभाष्याची सोय. इमर्जन्सीत जाण्याआधी तिथे फोन केला तर अनेकदा पथक घरी येतं किंवा जवळच्या कम्युनिटी बिहेवियरल हेल्थ सेंटरला नेता येतं, आणि खिडकी नसलेल्या खोलीतल्या रात्री टळतात. जिवाला आत्ता धोका असेल तर मात्र ९८८ (मानसिक संकटाची लाइन) किंवा ९११. वाट बघू नका.

बोर्डिंगमध्ये अडकलात तर दर सकाळी विचारा: "केस वर कळवली का?" ठरावीक तास उलटले की विमा कंपनीला आणि मग राज्याच्या मानसिक आरोग्य विभागाला कळवायची पद्धत इथे ठरलेली आहे. विचारणाऱ्या पालकाच्या फाइलवर लक्ष राहतं.


निशिगंधा · ६ मार्च, रात्री ८:३०

अनुजा, तुझं उत्तर काल नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवलं. आज सकाळी डॉक्टरांच्या ऑफिसला फोन केला आणि रेफरलची तारीख घेतली. मुलीने स्वतः भरायचा तो कागदही मागितला. पोर्टलवर आलाय. ती तिच्या खोलीत भरतेय, दार लावून. मी बाहेर जिन्यात बसलेय.

सायली, बैठकीला यायचं तर नेमकं काय करायचं? नोंदणी लागते का? माझं इंग्रजी अशा ठिकाणी अडखळतं.


सायली_वूस्टर · ६ मार्च, रात्री ११:२०

निशिगंधा, जिन्यात बसून राहा.

बैठकीचं सांगते. राज्याच्या ओपन मीटिंग कायद्याप्रमाणे सूचना आणि विषयपत्रिका निदान ४८ तास आधी लावावी लागते, शनिवार-रविवार आणि सुट्ट्या न धरता. राज्याच्या संकेतस्थळावर कौन्सिलच्या नावाने शोधलं की मिळते. ऐकायला कोणाची परवानगी लागत नाही. बोलायचं असेल तर अध्यक्षांना आधी कळवायचं. मी दोन ओळींची ईमेल केली होती: मी एक आई आहे, माझ्या मुलाने इमर्जन्सीत पाच रात्री काढल्या, मला तीन मिनिटं हवीत. इतिवृत्तही कोणालाही मागता येतं, ते विश्वंभरकाकांनी घेतलंच आहे.

इंग्रजीचं म्हणशील तर मी कागदावर लिहून नेलं होतं आणि तरी दोनदा अडखळले. नाडी या शब्दाला काय म्हणायचं तेच ऐनवेळी सुचेना. हुडी कॅमेऱ्यासमोर धरली आणि रिकामी भोकं दाखवली.

मला या वेळी दोन गोष्टी मागायच्यात. तो कागद मराठीतून नीट केलेला हवा, कारण सुमनआजींसारखी घरात दिवसभर मुलांबरोबर असणारी माणसं तो भरू शकली तर खरं काय ते कळेल. आणि दुभाष्यांच्या नोंदी ठेवताना मराठी वेगळी मोजली जावी. अनुजा, प्रश्नांचा मराठी मसुदा तू आणि मीनलताई तपासाल का? 'हताश' लिहायचं की 'काही चांगलं होणार नाही असं वाटतं' लिहायचं, यावर मी आणि सासूबाई तासभर बोलत होतो. त्या म्हणतात, दुसरं. हताश हा शब्द त्यांच्या भावाने कधी वापरला नसता.

तारीख लागली की इथेच टाकते.


मीनल_ठाणे · ७ मार्च, सकाळी १०:४० (भारतीय वेळ)

मसुदा पाठव. आजी म्हणतात तेच बरोबर. माझ्याकडची मुलं 'काही मन लागत नाही' असं म्हणतात, तेही घाल.